अनामत जप्त होणार हे धरून उभं राहणाऱ्यांसाठी : अपक्ष उमेदवारीचा माझा अनुभव

निवडणूक जाहीर झाली की आमच्या तालुक्यातला एखादा तरी तरुण माझ्या टेबलापाशी येतो. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम, त्यामुळे मी कुठे सापडेन हे सगळ्यांना ठाऊक असतं. "ताई, अपक्ष फॉर्म भरायचाय. तुम्ही दरवेळी भरता ना, जरा सांगा की." मी विधानसभेला अपक्ष उभी राहत आले आहे आणि दरवेळी पडत आले आहे. अनामत एकदाही वाचलेली नाही. पुढच्या वेळीही मी उभी राहणार आहे. या पोरापोरींना समोर बसवून जे सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडे बघा, म्हणजे मन स्वच्छ होईल. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात ४,१३६ उमेदवार होते. त्यांतले २,०८६ अपक्ष. २८८ जागांवर अपक्ष निवडून आले फक्त दोन, जुन्नरला शरद सोनवणे आणि चंदगडला शिवाजी पाटील. सोनवणे २०१४ मध्ये मनसेकडून आमदार झालेले होते. शिवाजी पाटील २०१९ ला चंदगडमध्येच अपक्ष लढून दुसऱ्या क्रमांकावर राहिले होते. त्याच वर्षी लोकसभेला सांगलीतून विशाल पाटील 'लिफाफा' चिन्हावर अपक्ष निवडून आले, पण त्यांच्यामागे वसंतदादांच्या घराण्याची आणि काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची फळी उभी होती. म्हणजे जे अपक्ष जिंकतात ते बहुतेक कुठल्या तरी पक्षातून बाहेर पडलेले, बूथपर्यंत माणसं असलेले लोक असतात. तुमच्या-माझ्यासारख्या, ज्यांच्यामागे ना घराणं ना कारखाना ना दूध संघ, त्यांना पहिल्या फटक्यात जिंकायचं स्वप्न कोणी दाखवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

मग उभं कशासाठी राहायचं? हा प्रश्न मला घरातूनही विचारला गेला आणि त्याचं उत्तर मी माझ्या टेबलावर शोधलं. आमच्याकडे बाप वारला की आठ-पंधरा दिवसांत भाऊ बहिणींना घेऊन कचेरीत येतात आणि हक्कसोडपत्रावर, म्हणजे बापाच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सह्या घेतात. बहिणी खाली मान घालून सही करतात. दुसरीकडे, नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं, त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजनेचं शासनाचं १९९२ चं परिपत्रक आहे. पण ते गावोगाव कोणी सांगत नाही. आमच्या तालुक्यात एकाही पक्षाच्या सभेत हा विषय निघालेला मी ऐकला नव्हता. तो निघावा म्हणून मी उभी राहिले. तुमचा विषय वेगळा असेल, कालव्याच्या शेवटच्या टोकाला न पोचणारं पाणी असेल, मुलींच्या कॉलेजच्या वेळेला नसलेली एसटी असेल. पण विषय एकच ठेवा, आणि तो असा असावा की त्यावर तुम्ही निवडणूक नसतानाही काम करत आहात. जिंकण्याची आशा जवळपास नसलेल्या माणसाला दुसरं काहीच टिकवून धरत नाही.

आता पैशाचं. विधानसभेची अनामत १०,००० रुपये, लोकसभेची २५,०००. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना याच्या निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच ती परत मिळते. समजा तुमच्या मतदारसंघात २,१०,००० वैध मतं पडली, तर तुम्हाला ३५,००० च्या वर जायला हवं. 'नोटा'ची मतं या हिशेबात धरत नाहीत. पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्याने ही रक्कम गेली असं समजूनच बाजूला काढावी. व्याजाने काढू नये, बायकोचे दागिने गहाण टाकू नयेत. ज्याला हे १०,००० उभे करायला कर्ज लागतं त्याला मी सरळ सांगते की या वेळी थांब, ग्रामपंचायतीपासून सुरुवात कर. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, सगळे सारखेच असतात.

ही रक्कम एवढी का आहे त्यालाही इतिहास आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत देशात १३,९५२ उमेदवार उभे होते. तेव्हा लोकसभेची अनामत होती ५०० रुपये. त्यानंतर कायदा बदलून ती १०,००० केली, अपक्षांना एकाऐवजी दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणारे मतदार, बंधनकारक केले, आणि १९९८ ला उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. आजचे दर २००९ च्या कायदादुरुस्तीने आले. म्हणजे आपल्यासारख्यांची गर्दी कमी व्हावी म्हणूनच हे दार अरुंद केलेलं आहे. गर्दीने कामाचा खोळंबा होतो हे मला मान्य आहे. पण अरुंद दारातून आत जायचं तर कागद चोख हवेत, आणि नवखे लोक पडतात ते इथेच, मतदानाच्या कितीतरी आधी.

दहा सूचक म्हणजे त्याच मतदारसंघाच्या यादीतले दहा मतदार. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जावर लिहावा लागतो. दहातल्या एकाचं नाव यादीतून वगळलेलं निघालं तर तुमचे सूचक नऊच राहतात आणि अर्ज बाद होतो. म्हणून ओळखपत्र बघून भागत नाही, ताज्या यादीत नाव आहे का ते बघायचं. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदार यादी फुकट मिळते, आपल्याला विकत घ्यावी लागते किंवा भागवार डाउनलोड करावी लागते. तो खर्च टाळू नका. सूचक अंगठा लावणारा असेल तर अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो, घरून लावून आणलेला चालत नाही. आणि एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, अनामत मात्र एकदाच. चारही भरा, प्रत्येकाला सूचक शक्यतो वेगळे घ्या.

सूचक कोण घ्यायचे, हा कागदाहून मोठा प्रश्न आहे. २०२४ ला सुरतेत काय झालं ते आठवा. काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनीच 'या सह्या आमच्या नाहीत' असं लिहून दिलं, अर्ज बाद झाला, बाकीच्या उमेदवारांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराचं हे झालं, तर आपली काय कथा! ज्याचा ऊस कारखान्यावर अडवता येईल, ज्याच्या पोराची नोकरी संस्थेत आहे, त्याला सूचक करून अडचणीत आणू नका. माझे सूचक म्हणजे बहुतेक त्या बायका, ज्यांची नावं आम्ही सातबाऱ्यावर लावून घेतली. त्यांना कोणी दटावलं तर त्या दटावणाऱ्यालाच विचारतात, "तुझ्या बायकोचं नाव लावलंस का?"

प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, एकही रकाना मोकळा न ठेवता भरायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे की रकाने कोरे ठेवले तर अर्ज फेटाळता येतो. गुन्हा नसेल तर 'निरंक', लागू नसेल तर 'लागू नाही', पण लिहायचं. नवऱ्याच्या नावाच्या सोसायटीच्या कर्जापासून गळ्यातल्या मंगळसूत्रापर्यंत सगळं त्यात येतं. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं असावं लागतं, आणि बँकेत तेवढ्यासाठी दोन-तीन हेलपाटे पडतात हे धरून चला. शेवटच्या दिवशी दुपारी तीनची वेळ म्हणजे तीनच. पक्षांचे उमेदवार वाजतगाजत येतात, रस्ते बंद होतात. अपक्षाने शेवटचा दिवस गाठूच नये.

आणि शपथ. अर्ज दिला, अनामतीची पावती घेतली, आता घरी जाऊ, असं नवख्याला वाटतं. उमेदवाराला संविधानाप्रती निष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि ती छाननीच्या दिवसाआधी झालेली असावी लागते. वाराणसीत २०२४ ला विनोदी कलाकार श्याम रंगीला यांचा अर्ज बाद झाला, त्याच्या कारणांत प्रतिज्ञापत्र अपुरं असण्याबरोबर शपथ न घेणं हेही होतं. तेव्हा अर्ज दिल्या दिल्या तिथेच शपथ मागा आणि घेतल्याचं प्रमाणपत्र हातात घेऊनच बाहेर पडा. ती शपथ मोठ्याने वाचताना मला दरवेळी भरून येतं. कचेरीच्या आवारात आयुष्य काढलेली बाई त्याच कचेरीत संविधानाचं नाव घेऊन उभी असते, आणि समोरचा अधिकारीही उभा राहून ऐकतो.

छाननी झाली की माघारीपर्यंतचे दिवस सगळ्यांत अवघड. २०२४ ला हे दिवस ऐन दिवाळीत आले होते, छाननी ३० ऑक्टोबरला आणि माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला. फराळाच्या निमित्ताने घरी कोण कोण येतं ते बघत राहा. कोणी म्हणतं, ताई, तुमचा विषय आमच्या जाहीरनाम्यात घालतो, माघार घ्या. कोणी म्हणतं, खर्चाचं आमच्याकडे लागलं, उभं राहाच, फक्त अमुक वाडीत जोर लावा. माघारीसाठी पैसे देणं आणि घेणं दोन्ही कायद्याने भ्रष्ट आचरण आहे, आणि उभं राहण्यासाठी देणं-घेणंही त्यातच येतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट पक्की समजा. एकदा पाकीट घेतलंत की तुम्ही आयुष्यभर 'डमी'. तालुक्यात ही बातमी लपत नाही. जो माणूस पुन्हा पुन्हा पडणार आहे त्याच्याकडे नावाशिवाय दुसरी पुंजी नसते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पैशाच्या बोलण्याला दारातूनच परत पाठवायचं, मी घरी असो वा नसो. बाई उमेदवार असेल तर निरोप तिच्याकडे येत नाही, नवऱ्याकडे किंवा दिराकडे जातो. म्हणून हे घरात बसून ठरवून ठेवणं बायकांना जास्तच गरजेचं आहे.

चिन्हासाठी मुक्त चिन्हांच्या यादीतली तीन पसंतीने लिहून द्यायची असतात. दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठी टाकतात. नाव घेतल्याबरोबर डोळ्यापुढे उभं राहील, म्हातारीला बोट दाखवून सांगता येईल असं चिन्ह घ्या. आणि एखाद्या पक्षाच्या चिन्हासारखं दिसणारं चिन्ह मागू नका, कितीही मोह झाला तरी. २०२४ च्या लोकसभेला राष्ट्रवादी शरद पवार गटाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि अपक्षांना नुसती 'तुतारी' मिळाली होती. दिंडोरीत त्या तुतारीला एक लाखाहून जास्त मतं पडली. साताऱ्यात निकालातला फरक होता ३२,७७१ मतांचा, आणि तुतारीच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं होती. चिन्ह देण्यात त्या उमेदवारांचा काही दोष नव्हता. पण असली मतं कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही. मला माझ्या विषयावर पडलेली शंभर मतं हवी असतात, कारण त्या शंभर घरांत मी उद्या जाऊ शकते.

यातूनच तो आरोप निघतो जो तुम्हाला प्रत्येक पारावर ऐकावा लागेल, 'तुम्ही मतं खाता.' मी त्यावर चिडत नाही, कारण विचारणाऱ्याची काळजी पुष्कळदा खरी असते. माझं उत्तर एवढंच की मत मतदाराचं आहे, कुठल्या पक्षाच्या ताटातलं नाही. ज्या पक्षाला माझी मतं हवी आहेत त्याने हक्कसोडपत्राचा विषय उचलावा, माझं उभं राहण्याचं कारणच संपेल. एका वेळी दोन प्रमुख उमेदवारांपैकी एकाने खरोखर सभेत लक्ष्मी मुक्तीचं नाव घेतलं. तलाठ्यांनी कॅम्प घ्यावेत असं तो बोलला. निवडून आल्यावर कॅम्प झाले ते मोजकेच, पण झाले, आणि त्या कॅम्पमध्ये अर्ज लिहायला मीच बसले होते.

प्रचाराबद्दल फार लिहीत नाही. २०२४ ला चिन्ह हातात पडल्यापासून प्रचार संपेपर्यंत १४ दिवस होते. राज्यात मतदान केंद्रं १,००,१८६ होती, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशेच्या आसपास. सगळीकडे जायचं म्हटलं तर रोज पंचवीस बूथ. ते होत नाही. ज्या गावांत काम आहे ती तीस-चाळीस गावं धरा आणि तिथे दोनदा जा. आठवड्याच्या बाजाराचे दिवस लिहून ठेवा, बाजारात बायका भेटतात. पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायचाच, नसेल तर गुन्हा होतो.

पोलिंग एजंटवर मात्र सगळी शक्ती लावा. अपक्षांच्या बाजूची खुर्ची बहुतेक बूथवर रिकामी असते. पक्षाचे एजंट आपल्या लोकांसाठी बसलेले असतात, तुमच्यासाठी कोणी नसतं. सगळीकडे माणूस देणं शक्य नाही, पण तुमच्या तीस गावांत द्या. त्याला पहाटे अभिरूप मतदानाला, म्हणजे चाचणी मतदानाला, हजर राहायला सांगा, ते मतदानाच्या दीड तास आधी सुरू होतं आणि त्यात यंत्राचं प्रत्येक बटण तपासून बघतात. निळं बटण सगळ्यांसाठी सारखंच असतं, मंत्र्यासाठीही आणि माझ्यासाठीही. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय त्याने बूथ सोडायचं नाही. त्या कागदावर त्या केंद्रावर किती मतं नोंदली गेली ते असतं, आणि मोजणीच्या दिवशी यंत्रावरचा आकडा त्याच्याशी जुळवून बघायचा असतो. कॉलेजातल्या मुली हे काम फार नेटाने करतात असा माझा अनुभव आहे. त्यांच्यातल्या काही जणी पुढे ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या.

मोजणीला जा. पडणार हे माहीत असलं तरी जा. टेबलांवर आपले प्रतिनिधी नेमा, नाहीतर स्वतः वही घेऊन बसा. पहिल्या दोन फेऱ्यांत तुमच्या नावापुढे एक आकडी मतं दिसतात आणि पोटात खड्डा पडतो. मग तुमच्या गावाची फेरी येते. एकदा एका वस्तीच्या बूथवर मी तिसऱ्या नंबरवर होते, मोठ्या पक्षाच्या उमेदवाराच्या पुढे. टेबलावरच्या अधिकाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या वस्तीवर आम्ही पाण्याच्या टँकरच्या नोंदी तपासल्या होत्या.

निकालानंतर बाकी सगळे गुलाल धुतात किंवा तोंड लपवतात, आणि हरणाऱ्या अपक्षाचं सगळ्यांत महत्त्वाचं काम तेव्हा सुरू होतं. निकाल लागल्यापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा रोजचा खर्च, पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या पानांच्या नोंदवहीत, पावत्यांसह. खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख आहे, आपण तिच्या आसपासही नसतो, म्हणून लोकांना वाटतं की आपल्याला काय हिशेब विचारणार? पण हिशेब दिला नाही आणि त्याला सबळ कारण नसलं, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. तीन वर्षं म्हणजे पुढची निवडणूक हातची जाऊ शकते. माझ्या ओळखीतला एक फार चांगला कार्यकर्ता असाच बाहेर बसला. मतांनी पाडलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो, हिशेबाने पाडलेल्याला वाट बघावी लागते. म्हणून प्रचारातच रोज रात्री झोपायच्या आधी वही भरा. चहाच्या पावत्या, रिक्षाचं भाडं, स्पीकर, सगळं. प्रचारकाळात तीनदा तपासणी होते, तेव्हा स्वतः जा. तिथले कर्मचारी नीट समजावून सांगतात.

त्यानंतर नमुना २० मिळवा. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते असतं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो येतो. नव्या माणसाला मी एकच गोष्ट शिकवायची झाली तर हा कागद वाचायला शिकवीन. एकूण मतं बघून मन खचतं, बूथवार मतं बघून पुढचं काम दिसतं. कुठे आपण गेलोच नव्हतो आणि तरी बारा मतं पडली? ती कोणाची? तिथे जाऊन शोधा, तो पुढचा पोलिंग एजंट असेल. कुठे सभा भरगच्च झाली आणि मतं चारच? तिथे लोक ऐकायला आले होते, विश्वास बसला नव्हता. मी मागच्या आणि त्याच्या मागच्या निवडणुकीचे आकडे शेजारी शेजारी मांडून ठेवते. काही गावांत आकडा दुप्पट झालेला दिसतो, काही ठिकाणी घटलेला. घटलेल्या गावांत पहिल्यांदा जायचं.

या वाटेवर आपण पहिले नाही. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन १९८८ पासून उभे राहत आहेत, दोनशेहून जास्त निवडणुका लढले, टायर दुरुस्तीचं दुकान चालवून. पंतप्रधानांविरुद्ध, मुख्यमंत्र्यांविरुद्ध, कुठेही. त्यांना सगळ्यांत जास्त मतं पडली ती २०११ ला त्यांच्या स्वतःच्या मेट्टूरमध्ये, ६,२७३. बरेलीचे कापड व्यापारी काका जोगिंदर सिंग 'धरतीपकड' तीनशेहून जास्त निवडणुका हरले आणि १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना १,१३५ मतमूल्य मिळालं. या दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे. सामान्य माणूसही अर्ज भरू शकतो हे त्यांनी जिवंत ठेवलं. पण तुम्हाला सल्ला द्यायचा तर मी मेट्टूरच्या त्या आकड्याकडे बोट दाखवीन. दोनशे ठिकाणी फिरून आल्यावरही माणसाला सगळ्यांत जास्त मतं घरच्या मातीतच पडली. एकच मतदारसंघ धरा आणि तो सोडू नका.

काही वेळा पडणं हेच अख्ख्या भागाचं म्हणणं असतं. १९९६ ला बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, सीमाप्रश्नाकडे देशाने बघावं म्हणून. त्याच वर्षी नलगोंड्यात ४८० होते, पाण्यातल्या फ्लोराइडसाठी. २०१९ ला तेलंगणातल्या निजामाबादमध्ये १८५ उमेदवार झाले, त्यांतले बहुतेक हळद पिकवणारे शेतकरी. त्यांची मागणी राष्ट्रीय हळद मंडळाची होती. ते सगळे पडले, पण मुख्यमंत्र्यांची मुलगी असलेल्या विद्यमान खासदारही तिथे पडल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत हळद मंडळ सुरू झालं, मुख्यालय निजामाबादलाच. बेळगावचा प्रश्न मात्र तसाच आहे. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

आणि मोठ्या माणसांचं हरणंही लक्षात ठेवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी पडले. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, पुन्हा पडले. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष! अटलबिहारी वाजपेयी १९५७ ला तीन ठिकाणी उभे होते. बलरामपूरला जिंकले, लखनौला हरले, मथुरेत अनामत जप्त झाली. मी ही नावं आपल्याशी तुलना करायला घेत नाही. पण मोजणीच्या रात्री अनामत गेलेल्या पोराला जेवण जात नाही, तेव्हा त्याला मी भंडाऱ्याची गोष्ट सांगते, आणि तो जेवतो.

खऱ्या अडचणी आणखी आहेत. घरच्यांचा धीर तुमच्याआधी सुटतो. माझ्या मुलाला शाळेत चिडवायचे. त्याला मी मोजणीला सोबत नेलं, टेबलावर वही दिली, त्यानंतर त्याची तक्रार थांबली. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये प्रभाग बदलतात, आरक्षण फिरतं, ज्या वाडीत पाच वर्षं घातली ती दुसऱ्या गटात जाते. त्यात २०२२ पासून कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, आणि तयारी केलेली कितीतरी माणसं थकून गेली. यावर माझ्याकडे उपाय नाही, सोबत आहे. जवळपासच्या तालुक्यांतले आम्ही काही अपक्ष अधूनमधून भेटतो, एकमेकांची प्रतिज्ञापत्रं तपासतो, एकमेकांच्या बूथवर माणसं देतो. असा गट तुमच्याकडे नसेल तर दोघांपासून करा.

पक्षात का जात नाही, असं विचारतात. बोलावणं येतं, नाही असं नाही. ज्याला जायचं त्याने जरूर जावं, पक्षाशिवाय कायदे होत नाहीत. मी गेले तर हक्कसोडपत्राबद्दल आमच्या मोठ्या बागायतदारांसमोर बोलू देतील का, एवढा एकच प्रश्न मी बोलावणाऱ्यांना विचारते. अजून कोणी हो म्हटलेलं नाही.

आता तुम्ही लगेच काय करायचं ते सांगते. मतदार यादी हातात घ्या आणि तुमच्या तीस गावांत जा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षाच्या चार तारखांना १८ पूर्ण होणाऱ्यांची नावं नोंदवता येतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांचा अर्ज आधीच घेतात. त्यासाठी नमुना ६. पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. सासरी आलेल्या सुनांची नावं माहेरच्याच यादीत अडकलेली असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. प्रत्येक घरात आधार, रहिवासाचा पुरावा आणि फोटो मागा, अर्ज तिथेच भरा, पोच नंतर त्यांच्या हातात द्या. आणि घरात शिरलाच आहात तर सातबारा काढून दाखवायला सांगा, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचून दाखवा.